तपासायचे कोणाला : कामगाराला की कामाला?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अमलात आणल्या, तेव्हा त्यांच्या गुणगानात एका तरतुदीचा उल्लेख आवर्जून होत होता : चाळीस वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी. अशा तपासणीला विरोध करण्याचे कारण कोणालाच नाही. वर्षानुवर्षे खोकत खोकत पाळी भरणाऱ्या माणसाची छाती कोणी तपासणार असेल, तर ते चांगलेच आहे. परंतु हीच संहिता-मंडळी एका हाताने तपासणी देत असताना दुसऱ्या हाताने काय काढून घेत होती, हेही पाहिले पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की ती जागा कारखाना ठरत असे. आता वीस लागतात. वीज नसेल तर पूर्वी वीस पुरत. आता चाळीस लागतात. म्हणजे पंधरा यंत्रकामगारांची कोंदट शेड कारखान्यांसाठी असलेल्या विशेष तरतुदींच्या बाहेर गेली. कारखाना निरीक्षकाचे नावही बदलले. तो आता निरीक्षकाबरोबरच मालकाचा ‘सुलभकर्ता’ झाला आहे. कामगाराचे शरीर दरवर्षी तपासले जाईल. तो ज्या हवेत श्वास घेतो ती हवा तपासणारी नजर मात्र मवाळ झाली.

प्रश्नाची खरी मेख येथेच आहे. संसर्गजन्य रोगाला कामगार कितपत बळी पडू शकतो, हे ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कामगाराला रांगेत उभे करतो, त्याचे वय, त्याचा मधुमेह, त्याचे वजन, त्याची तंबाखू मोजतो आणि त्याच्या नावापुढे ‘धोका अधिक’ असा शेरा मारतो. दुसरा मार्ग कामाकडे पाहतो : एका खोलीत माणसे किती, हवा कोठून येते आणि कोठे जाते, हातमोजे व गमबूट कोण देतो आणि ते फाटल्यावर कोण बदलून देतो, ताप आला म्हणून घरी बसणाऱ्याचा रोज कापला जातो की नाही, नोकरी कायम आहे की ठेकेदाराच्या मर्जीची. पहिला मार्ग मालकाला स्वस्त पडतो, कारण त्याचा शेवट कामगाराला दूर करण्यात होतो. दुसरा महाग पडतो, कारण त्याचा शेवट काम सुधारण्यात होतो. म्हणूनच पहिल्याला शास्त्र म्हणण्याची आणि दुसऱ्याला राजकारण म्हणून झटकण्याची रीत पडली आहे. साथींच्या इतिहासाने मात्र पुन्हा पुन्हा दुसऱ्या मार्गाच्या बाजूने कौल दिला आहे.

वखारीतले उंदीर आणि स्थानकावरची झडती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. पोती वाहणारे हमाल आणि पोत्यांत माजलेले उंदीर यांचा तेथे रात्रंदिवसाचा शेजार. १८९७ साली साथरोग कायदा आला. रेल्वे स्थानकांवर उतारूंना थांबवून त्यांच्या काखा व जांघा चाचपण्यात आल्या. जाच झाला तो मुख्यतः तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना. सरकार रोग माणसाच्या अंगात शोधत होते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यशास्त्रज्ञाने कराचीत दाखवून दिले, की रोगाचा दुवा उंदराच्या अंगावरील पिसू हा आहे. म्हणजे तपासायला हवी होती वखार, आणि तपासला गेला हमाल. त्या वेळी शास्त्रालाच पुरते ठाऊक नव्हते, ही सबब तेव्हाच्या राज्यकर्त्यांना निदान काही अंशी देता येईल. आजच्या राज्यकर्त्यांना ती देता येत नाही.

या साथीने कामगार चळवळीचे किती मोठे मोल घेतले, हे विसरता कामा नये. १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेले. पुढच्याच महिन्यात रोग्यांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले गेल्या.

त्या साथीत धोक्याचे सर्वांत नेमके मूल्यमापन कोणी केले असेल, तर ते खुद्द गिरणी कामगारांनी. १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांची वस्ती असलेल्या मुंबईतून काही महिन्यांत लाखो माणसे गावाकडे निघून गेली. त्यांना अडाणी ठरविणाऱ्यांची तेव्हा वाण नव्हती. परंतु ज्या चाळीत व ज्या खात्यात मरण आहे तेथून दूर व्हावे, यापरते शहाणपण कोणते? गिरण्यांना हात मिळेनासे झाले, तेव्हा मालकांची माणसे नाक्यानाक्यांवर चढ्या रोजाची बोली करू लागली. महिन्याचा पगार अडकवून ठेवण्याची जुनी रीत सोडून रोजचा पैसा रोज मोजणे अनेक गिरण्यांना भाग पडले. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. धोका ओळखणे कामगाराला कळते. अडते ते त्यापासून दूर होण्याच्या ऐपतीशी. ज्याला गावी दोन बिघे जमीन होती तो गेला. ज्याला काहीच नव्हते तो मागे राहिला.

पंचावन्न वर्षांची दोन माणसे

सव्वाशे वर्षांनी, एप्रिल २०२० च्या अखेरीस, कोरोनाने तीन पोलिसांचा बळी घेतल्यावर मुंबई पोलिसांत पंचावन्न वर्षांवरील कर्मचाऱ्यांनी घरी राहावे, असा आदेश निघाला. आदेश योग्यच होता. पंचावन्न वर्षांच्या माणसाला त्या रोगाचा धोका अधिक, हे वैद्यकाने सांगितले आणि नोकरी कायम असल्यामुळे ते अमलात आले. परंतु त्याच शहरात, त्याच वयाचा, ठेकेदाराकडे कचरा उचलणारा माणूस घ्यावा. वैद्यक दोघांनाही सारखेच लागू होते. एकाला ‘घरी राहा’ म्हणजे संरक्षण. दुसऱ्याला ‘घरी राहा’ म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे चूल बंद. दोघांच्या वयात फरक नाही, फुप्फुसांत फरक नाही. फरक आहे तो नेमणुकीच्या कागदात. मग रोगाला बळी पडण्याचा जादा संभव दुसऱ्याच्या शरीरात शोधायचा की त्या कागदात?

दिल्लीच्या कारभाराने याच प्रश्नाचे उत्तर दोन तारखांत देऊन ठेवले आहे. २९ मार्च २०२० रोजी गृहखात्याने टाळेबंदीच्या काळात कामगारांना पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला होता. १८ मेपासून तो मागे घेण्यात आला. त्यानंतर सतरा दिवसांनी, ४ जून रोजी, आरोग्यखात्याने कार्यालयांसाठी सूचना काढल्या : वयस्क, गरोदर व आधीपासून आजारी कर्मचाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी आणि शक्यतो त्यांना लोकांशी थेट संबंध येणारे काम देऊ नये. आधी वेतनाची हमी काढून घ्यावयाची आणि मग काळजी घेण्याचा उपदेश करावयाचा, ही या व्यवस्थेची दयाबुद्धी होय.

याच्या उलट उदाहरणही मुंबईतच आहे. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय दीर्घ लढ्यानंतर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला. वर्तमानपत्रांनी त्याला नोकरीविषयक निकाल म्हटले. वास्तविक तो सार्वजनिक आरोग्याचा निकाल होता. जो माणूस उघड्या हातांनी शहराची घाण उपसतो, पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे लेप्टोचे जंतू पसरलेल्या पाण्यात उतरतो, त्याला ताप येताच पगारी रजा घेता येणे, ही कोणत्याही गोळीइतकीच खरी रोगप्रतिबंधक गोष्ट आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ उसळली, तेव्हापासून गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्यांनी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध घ्यावे, असे शहराला दरवर्षी बजावले जाते. ज्याची रोजी-रोटीच त्या पाण्यात आहे, त्याच्याविषयी केवळ एवढे बजावून भागत नाही.

रुग्णालयांची गोष्ट वेगळी नाही. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका व ३ डॉक्टर बाधित झाले आणि सबंध रुग्णालय बंद करावे लागले. त्या परिचारिका काही मधुमेही वृद्धा नव्हत्या. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात रोग्यांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी कित्येकांना तोच रोग जडला आणि काही त्याने दगावले, हे मुंबईला ठाऊक आहे. व्यक्तीच्या दोषांची यादी करणारा कोणता अर्ज हे आधी सांगू शकला असता?

धोट्याचा धडा

काम तपासले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण गिरणगावाशी नाते सांगणाऱ्यांना चटकन समजेल. लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर नवी कांडी भरताना धोट्याच्या छिद्राला ओठ लावून सूत बाहेर ओढीत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी जाई. क्षय पसरविण्यास याहून सोयीचे साधन कोणते? आता, पहिल्या मार्गाने जायचे तर प्रत्येक विणकराची छाती तपासावी आणि ज्याला खोकला असेल त्याला घरी पाठवावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली दुसरा मार्ग पत्करला : तोंड लावावे लागेल असा धोटा वापरण्यालाच कायद्याने बंदी केली. धोटा बदलला, विणकर तोच राहिला. खुद्द लँकेशायरमध्ये मात्र ती रीत पुढे कित्येक वर्षे चालू होती, कारण जुना धोटा मालकाला पुरत होता.

दुसरे उदाहरण लोकरीचे. इंग्लंडातील ब्रॅडफर्डमध्ये लोकर निवडणारे कामगार अँथ्रॅक्सने मरत. अखेर १९१९ च्या कायद्याने धोकादायक लोकर कारखान्यात येण्यापूर्वीच निर्जंतुक करण्याची तजवीज झाली. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी त्याला उपस्थित होते. त्या अधिवेशनाने लोकर निर्जंतुक करण्याची शिफारस जगाला केली. निर्जंतुक करावयाची ती लोकर, कामगार नव्हे, हे तत्त्व १९१९ साली मान्य झालेले आहे.

कायद्याची यादी आणि यादीबाहेरची माणसे

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, डॉक्टर व व्यवस्थापकाने सरकारला कळविलेच पाहिजेत, अशा २९ रोगांची नावे होती. त्यांत जंतूंमुळे होणारा रोग एकच : अँथ्रॅक्स. शिसे होते, पारा होता, सिलिकोसिस होता, क्षय नव्हता. नव्या संहितेने ही यादी तशीच पुढे चालविली आहे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, त्या देशाच्या कारखान्यांना क्षय हा कामाच्या जागेचा रोग वाटत नाही. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रोगी डॉक्टरांनी सरकारदरबारी नोंदवावयाचा आहे. पण एकाच शेडमधील तीन माणसांची नावे त्या नोंदीत आली, तर त्या शेडचे दार ठोठावण्याचे काम कोणाचे?

नुकसानभरपाईचा कायदा याबाबतीत पुढे होता. १९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीत, संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात जडलेला संसर्गजन्य रोग हा व्यवसायजन्य रोग मानला होता. रुग्णालये व प्रयोगशाळा, पशुवैद्यक, जनावरे व त्यांची कलेवरे हाताळण्याचे काम यांच्या जोडीला ‘संसर्गाचा विशेष धोका असलेले अन्य काम’ असाही शब्दप्रयोग तेथे होता. अशा कामात रोग जडला तर तो कामामुळेच जडला असे धरावयाचे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आहे. शस्त्र हाताशी आहे. ते म्यानातच गंजत ठेवले आहे.

राज्य कामगार विमा योजनेत क्षयाच्या रोग्याला दीर्घ आजाराचा भत्ता म्हणून वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळत आली आहे. परंतु त्यासाठी दोन वर्षांच्या सलग नोकरीची अट आहे. ठेकेदाराचे नाव दर वर्षी बदलते आणि त्याबरोबर कामगाराची सलगता तुटते. रोग मात्र सलग राहतो.

आणि ज्यांना कोणताच दरवाजा नाही, त्यांचे काय? गोव्यातील सत्तरी तालुक्यात २०१५ साली आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाने माणसे दगावली. हा ताप गोचिडीच्या चाव्याने होतो. तिची पिल्ले कोरड्या महिन्यांत पालापाचोळ्यात फिरतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत काजूच्या बागेत वाकून बोंडे वेचावी लागतात. हा काजू वेचणारणीचा कामाच्या जागेचा रोग आहे. तिचा मालक कोण, तिची हजेरी कोठे, तिच्या आरोग्यतपासणीचा अर्ज कोण भरणार?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की रोग कामावर जडला की घरी, हे सांगता येत नाही. खोली दाटीची, लोकल गाडी दाटीची, मग दोष मालकालाच का? हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात ती हौसेने नव्हे. ती खोली वेतनाचेच दुसरे टोक आहे. शिवाय पुराव्याचे ओझे कोणी वाहायचे, हे कायद्याने कधीच ठरविले आहे. तरीही २०२० च्या पन्नास लाखांच्या विमा योजनेत मृताच्या वारसांना, तो माणूस कोरोनाच्या कामावर नेमलेला होता असा दाखला मिळवून जोडावा लागे. मेलेल्याच्या विधवेने कचेरीत खेटे घालावेत आणि जिवंत व्यवस्थेने काहीच सिद्ध करू नये, असा हा न्याय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसामाणसांच्या शरीरांत फरक असतोच. मधुमेह्याला क्षय लवकर जडतो, गरोदर स्त्रीला काही संसर्ग घातक ठरतात. मग व्यक्तीची तपासणी नको म्हणणे हे कामगाराच्याच जिवावर उठणे नव्हे काय? याचे उत्तर असे, की तपासणी अवश्य हवी. पण शरीराचा दुबळेपणाही पुष्कळदा कामानेच घडविलेला असतो, हे ओळखून हवी. खडी फोडणाऱ्याच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसून सिलिकोसिस झाला, की क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. ती धूळ त्याने जन्मतः आणलेली नसते. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना जादा धान्य दिले तेव्हा त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. पोटभर अन्न ही लस आहे, आणि तिची किंमत वेतनातून मोजली जाते. तेव्हा ज्याला अधिक धोका आहे त्याला सुरक्षित काम द्या, परंतु पूर्ण पगारावर द्या. आणि तपासणीचा कागद कामगाराच्या हाती द्या, मुकादमाच्या नव्हे. या दोन अटी नसतील तर आरोग्यतपासणी ही छाटणीची यादी ठरेल. क्षय झाल्याचे मुकादमाला कळले तर काम जाईल, या भयाने माणूस खोकला दाबून पाळी भरतो आणि सबंध खात्याला रोग देतो. असल्या तपासणीने रोग आटोक्यात येत नाही; तो लपतो.

भत्ता की बचाव?

येथे चळवळीलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. धोक्याच्या कामाबद्दल जोखीम भत्ता मागणे ही संघटनांची जुनी सवय आहे. भत्ता लवकर मिळतो, सभेत टाळ्या मिळवून देतो. परंतु भत्ता म्हणजे धोक्याची विक्री होय. मालक दरमहा काही रुपये मोजतो आणि कामगाराच्या फुप्फुसावर हक्क सांगतो. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा सेविकांनी संप केला. घरोघर फिरून रोगी शोधणाऱ्या या स्त्रियांना सरकार कामगार मानीत नाही, स्वयंसेविका म्हणते. संपानंतर हजार रुपयांची वाढ व पाचशे रुपयांचा कोरोना भत्ता मान्य झाला. ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांनी एवढे मिळविले, हा त्यांच्या एकजुटीचा विजय होता व त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यांचा मूळ प्रश्न, म्हणजे कामगार म्हणून मान्यता, तसाच राहिला. आणि मान्यता नाही म्हणून पगारी आजारपणाची रजाही नाही.

दुसरा दोष याहून जुना. कायम कामगारांची संघटना गमबुटांसाठी भांडते आणि त्याच हजेरी चौकीवरील ठेकेदाराच्या माणसांकडे पाठ फिरवते. जंतूला मस्टर वाचता येत नाही. ज्याला रजा नाही असा एक माणूस तापात कामावर आला, की कायम आणि कंत्राटी हा भेद तो घटकेत पुसून टाकतो.

जून २०२५ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कामाच्या जागेतील जैविक धोक्यांविषयी १९२ क्रमांकाचा करार संमत केला. या विषयावरचा हा पहिलाच जागतिक करार आहे. लोकरीच्या शिफारशीपासून येथवर यायला जगाला १०६ वर्षे लागली. दिल्लीने त्यावर सही करावी, ही मागणी केलीच पाहिजे; पण सहीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेला आपल्या भागातील एक कारखाना, एक रुग्णालय, एक हजेरी चौकी किंवा एक बाग घेऊन तेथील कामाची तपासणी कामगारांबरोबर बसून स्वतः करता येईल. प्रश्न थोडेच आहेत. हवा कशी आहे? दाटी किती आहे? साधने कोण देतो? गेल्या दोन वर्षांत कोण कोण आजारी पडले आणि ते आज कोठे आहेत? आजारपणाची पगारी रजा कोणाला आहे आणि कोणाला नाही? धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? उत्तरे लिहून काढावीत, भिंतीवर लावावीत, मालकापुढे आणि कामगार आयुक्तांपुढे ठेवावीत, आणि भरपाईच्या कायद्यातील ‘अन्य काम’ हे शब्द पुढे करून दावे दाखल करावेत.

सरकारची तपासणी कामगाराला विचारील : तुला मधुमेह आहे काय, तू तंबाखू खातोस काय, तुझे वय काय? कामगाराने त्याची उत्तरे जरूर द्यावीत. पण त्याआधी त्याने एक प्रश्न उलट विचारला पाहिजे : मला ताप आला, तर उद्याचा माझा रोज कोण देणार? ज्या तपासणीच्या कागदावर या प्रश्नाला जागा नाही, तिने कामगाराच्या आरोग्याच्या बाता मारू नयेत.